तिन्हीसांजेचं उसनं

तोंडवलीच्या सड्यावर, खडकाळ पठारावर, काशिनाथ जमिनीला भोक पाडत होता आणि सड्याखाली, सुरूच्या बनामागच्या भाड्याच्या घरात, त्याची बायको सुनीती देवापुढे बसून वाती वळत होती. “आमच्या घरात दोघांनाही तेलाचाच घोर,” काशिनाथ आल्यागेल्याला सांगायचा. “मला मिळेल का याचा, हिला पुरेल का याचा.” आणि मग स्वतःच मोठ्याने हसायचा.

पंच्याऐंशी सालचा कार्तिक होता. भातं झोडून झाली होती. अंगणातल्या पेंढ्याच्या उडव्यांना उन्हाचा गोड वास येत होता, आणि वारा फिरला की किनाऱ्यावर वाळत घातलेल्या मासळीचा. सुनीती मूळची धामापूरची. कुडाळच्या शाळेत ती शास्त्र शिकवायची. नवऱ्याचं सड्यावरचं काम संपेपर्यंत बिनपगारी रजा घेऊन इथे राहायला आली होती. पहाटे अंघोळ, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, मग चहा, हा तिचा नेम कधी चुकला नाही. देवावर तिची श्रद्धा होती, भुताखेतांवर नव्हती. खाडीकाठच्या खाजणात रात्री दिसणारा भुताचा दिवा म्हणजे कुजक्या पाल्यातून निघालेला वायू, हे तिने पोरांच्या कित्येक तुकड्यांना फळ्यावर काढून दाखवलं होतं.

कार्तिकात तिचा एक जास्तीचा नेम असे. तीन वर्षांपूर्वी आसामातल्या कामावर काशिनाथला विषमज्वर झाला होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तेव्हा सुनीती धामापूरच्या भगवतीला म्हणाली होती, “ह्यांना उठव. जन्मभर कार्तिकात तुझ्यापुढे अखंड दिवा ठेवीन.” काशिनाथ उठला. तेव्हापासून कोजागिरीला लावलेला दिवा ती त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत शांत होऊ देत नसे. त्या ज्योतीकडे बघताना तिला देवी दिसे की नवरा दिसे, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

काशिनाथचा नेम वेगळा. मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागल्यापासून त्याच्या कंपनीतले सगळे समुद्राकडे बघत होते, आणि हा एकटा जमिनीकडे. सड्यावर वर जांभा, त्याखाली पांढरी चिकणमाती, आणि तिच्याही खूप खाली काळा, पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड. यंत्राच्या पोकळ दांड्यातून तो मनगटाएवढ्या जाड कांड्या होऊन वर येई. त्या कांड्या लाकडी पेट्यांतल्या खाचांमध्ये ओळीने मांडून ठेवायच्या. दिवाळीआधीच्या वाऱ्यात सड्यावरच्या शेडचे पत्रे उडाले, म्हणून पेट्या घराच्या पडवीत आणून रचल्या होत्या. ताजी कांडी फोडली की रॉकेलसारखा वास यायचा. पण दगडावर बोट फिरवलं तर बोट कोरडं.

“यात तेल आहे, सुनीती,” काशिनाथ म्हणायचा. “कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या दलदलीतला पाला आणि शेवाळ त्यात शिजलंय. पण हा दगड घट्ट. वाळूच्या दगडातली छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, तेल त्यातून वाहतं. यात नुसत्या खोल्या आहेत, दारं नाहीत. एकेका खोलीत एकेक थेंब कोंडून बसलाय.”

“मग काढणार कसं?”

“दारं पाडायची. पाण्याचा जबर दाब देऊन दगड आतून तडकवायचा. परदेशात करून बघितलंय. पण आत पुरेसं तेल आहे हे आधी मुंबईला पटायला हवं. ह्या महिन्यात पटलं नाही तर यंत्र परत, आणि मी कचेरीतल्या खुर्चीवर.”

यंत्रावरचा मुकादम परशुराम त्या वेळी पेट्या रचत होता. तो म्हणाला, “सायबानू, ह्यो दगड आमच्या राधाबायसारखो. घरात सगळा आसा, पण हातातसून सुटणा नाय.”

कुंपणापलीकडे शेजारीण राधाबाई दिव्याच्या तेलासाठी उंडीच्या बिया वाळत घालत होती. तिथूनच ओरडली, “ऐकलंय हां परशुरामा! तुझी म्हातारी आवस येता मा ताक मागूक, तिका सांगतंय आता!”

काशिनाथ इतका हसला की त्याचा चष्मा घसरला. अंगठ्याने तो वर सारायची त्याची सवय होती, आणि डोक्यावर सुनीतीने स्वतः कढवलेलं माका-जास्वंदीचं तेल, कापूर घातलेलं. त्यामुळे चष्म्याच्या काचेवर कायम अंगठ्याचा ठसा उमटलेला. रोज सकाळी सुनीती पदराने तो पुसायची आणि म्हणायची, “ह्या काचेवर फोडणी होईल एक दिवस.”

“कंपनीला सांगू नकोस,” तो म्हणायचा. “माझ्या डोक्यावरच भोक पाडायला येतील.”

इतकं सगळं सरळ होतं.

त्या दिवशी संध्याकाळी मांजर फडताळावर चढलं आणि उंडीच्या तेलाची बाटली खाली आली. आवाज ऐकून सुनीती धावली, तोवर तेल शेणाने सारवलेल्या जमिनीत मुरून गेलं होतं. दिव्यात बघितलं तर तेल तळाला लागलेलं. दिवेलागण झाली होती, काशिनाथ अजून सड्यावर होता. रेशनचं पामतेल आलं नव्हतं. स्वयंपाकघरात होतं ते कढईतलं तळणीचं, खरकटं. माथ्याला लावायचं तेल देवाला चालत नाही. तिने वाटी उचलली आणि राधाबाईच्या दारात गेली.

राधाबाईने वाटी बघितली आणि तिचा चेहरा पडला. “बाय, दिवेलागणीक तेल आणि मीठ घराभायर देवचा नसता गो. लक्ष्मी जाता. सकाळी ये, व्हया तेवढा घेवन जा.”

“राधाबाई, देवाचा दिवा आहे. अखंड आहे.”

“म्हणान तर सांगतंय. देवाच्या दिव्याक तिन्हीसांजेचा तेल नको.” ती कासावीस झाली होती, पण उंबऱ्यावरून हलली नाही. “माझ्यार रागावा नको गो. माझी सासू असती तरी हेंच सांगती.”

सुनीती रागावली नाही. रूढी म्हणजे रूढी. ती परत फिरली, पडवीत आली, आणि तिथे थबकली.

भिंतीकडच्या सगळ्यात खालच्या पेटीत काहीतरी चकाकत होतं. कांडीच्या खालच्या खाचेत तेल साचलं होतं, स्वच्छ, मधाच्या रंगाचं, वाटीभर तरी. तिने बोट बुडवून नाकाशी नेलं. रॉकेलचा वास नव्हता. वासच नव्हता. जमिनीच्या पोटातलं आहे, ती मनाशी म्हणाली, कुणाचा हात लागलेला नाही, यापेक्षा सोवळं काय असणार? आत ज्योत तडतडल्याचा आवाज आला. तिने पेटी कलती करून तेल वाटीत घेतलं.

आणि निघताना, आयुष्यभर शेजारणींच्या दारात म्हटलं होतं तसंच, जिभेच्या वळणाने, रिकाम्या पडवीला ती म्हणाली, “उसनं नेते हं. परत देईन, थोडं जास्तच देईन.”

म्हटल्यावर तिचं तिलाच हसू आलं. दगडाला कसलं उसनं!

मागे पेटीत टक् असा आवाज झाला. बाटलीचं बूच निघावं तसा, बारीक. दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी निवताना वाजतो, हे ती मुलांना शिकवत असे.

दिवा सुरेख लागला. काजळी नाही, धूर नाही, ज्योत पेन्सिलीने काढल्यासारखी सरळ. सकाळी नेमाप्रमाणे तेल घालायला गेली, तर दिवा काठोकाठ भरलेला. आपण रात्री जास्त घातलं असेल, असं म्हणून ती उठली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तसाच. तेव्हा तिने झावळीचा हीर घेतला, दिव्यात बुडवला आणि ओल आली तिथे नखाने खूण केली. संध्याकाळी पाहिलं, खुणेला ओल. सकाळी पाहिलं, खुणेला ओल. वात जळत होती, तेल जळत नव्हतं. असं होऊ शकत नाही, हे तिला राधाबाईपेक्षा चांगलं कळत होतं, आणि म्हणूनच तिने तो हीर पुसून पुन्हा एकदा बुडवला.

तिने काशिनाथला सांगितलं. आधी तो भडकला, कारण नमुन्याला हात लावणं त्याच्या धंद्यात पाप. मग धावत पडवीत गेला. खाच कोरडी होती. लाकडावर डागसुद्धा नव्हता.

“नक्की ह्याच पेटीतून?”

“ह्याच. वाटीभर निघालं.”

“वाटीभर! अख्खी पेटी पिळली तरी चमचाभर निघणार नाही.” तो देवघरात गेला. ज्योतीपाशी वाकून त्याने वास घेतला. “हे खनिज तेल नाहीच. खोबरेल नाही, उंडीचंही नाही.” त्याचे डोळे लकाकले. “दगड सोडतोय, सुनीती. आपोआप सोडतोय. कसा सोडतोय तेवढं कळलं तर...”

त्याच दिवशी त्याने त्या पेटीतल्या दोन कांड्या मुंबईच्या प्रयोगशाळेला पाठवल्या. आणि त्या दिवसापासून सड्यावरून आला की तो पडवीत खुर्ची टाकून बसे, मांडीवर कांडी, डोळ्याला भिंग. जेवायला तीन हाका मारल्याशिवाय उठत नसे.

आठवडा झाला असेल. सकाळी सुनीतीने त्याच्या डोक्यावर तेल घातलं, आणि ते बोटांखालून नाहीसं झालं. पुन्हा घातलं. टाळूने तेही प्यालं. अर्धी वाटी गेली तरी केस कोरडे, काथ्यासारखे खरखरीत.

“थंडी पडलीय,” काशिनाथ म्हणाला.

त्याचे ओठ फुटले. टाचांना भेगा पडल्या, रक्त न येणाऱ्या. फोडणीच्या ठसक्याने सुनीतीचे डोळे पाण्याने भरले आणि तो शेजारी बसून ठसकत राहिला, डोळे खडखडीत. तरी ह्या सगळ्याला काही ना काही कारण देता येत होतं. ती मनातल्या मनात देतही होती.

मग एके सकाळी तिने नेहमीप्रमाणे चष्मा उचलला, पदर धरला, आणि तिचा हात थांबला. काच लख्ख होती. चष्मा नुकताच दुकानातून आणल्यासारखा.

“तुम्ही पुसलात?”

“मी कधी पुसलाय आयुष्यात?” तो म्हणाला आणि चष्मा घालून अंगठ्याने वर सारला. ती बघत होती. अंगठा काचेवर टेकला, उचलला. काचेवर काही उमटलं नाही.

तो जमिनीवरून उठायला गेला तेव्हा त्याचा गुडघा वाजला. टक्.

एस.टी.ने ती त्याला मालवणला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरली. कातडी वर आली ती तशीच उभी राहिली. “पाणी पीत नाही का?” पितात. “जेवण?” व्यवस्थित. “वजन उतरलंय. तूप खायला घाला, दुधातून. आणि उन्हात ते दगड फोडणं बंद करा काही दिवस.” परतीच्या एस.टी.त काशिनाथ खिडकीला डोकं टेकून झोपला. गाडी खड्ड्यात आदळली की त्याचं डोकं काचेवर आपटे, आणि आवाज येई तो हाडाचा नसे. सुनीतीने आपला हात मध्ये धरला तो उतरेपर्यंत.

घरी परशुराम पडवीत उभा होता. पेट्या सरकवून सारवायला जागा करून द्यायला आला होता आणि कमरेवर हात ठेवून थांबला होता.

“वयनीनू, ही खालची पेटी जड कशी झाली?”

“जड?”

“गेल्या वेळाक मी एकट्यान उचललेलंय. दोन कांडये तर मुंबैक गेले हतले. आता जाग्यावरसून हलणा नाय.” तो हसला, पण पेटीकडे न बघता. “दगड काय जेवता की काय?”

सुनीतीने त्याला पाणी दिलं आणि तशीच कुंपणापलीकडे गेली. राधाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. सुनीतीने सगळं सांगितलं, वाटीपासून चष्म्यापर्यंत. राधाबाईचं सूप मध्येच थांबलं.

“मी दिलंय नाय म्हणान तू दुसरीकडे मागलंस?”

“मागितलं नाही. समोर होतं, घेतलं.”

“आणि उसना म्हणालंस.”

“सवयीने म्हणाले हो!”

“तिन्हीसांजेक माणूस देणा नाय, ह्या सगळ्यांक ठावक आसा. मगे त्या वेळाक जो कोण देता, तो कोण ता आधी बघूचा नाय?” राधाबाईचा आवाज खाली आला. “आणि वर जास्तीचा देतंय म्हणालंस. बाई उसना घेता, फेडता अख्खा घर.” ती उठून आत गेली आणि उंडीच्या तेलाची भरली बाटली घेऊन आली. “आता दिवस आसा. घे. परत कर. जास्तीचा घाल. हात जोड आणि सांग, फिटला म्हणान.”

सुनीतीने तसंच केलं. पेटीपुढे बसली, हात जोडले, बाटली कांड्यांवर ओतली. तेल दगडावरून अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं घरंगळलं, खाचेत उतरलं, तिथूनही वाहून जमिनीवर आलं. एक थेंब आत गेला नाही. तिने बोटाने चोळून बघितलं. दगड कोरडा.

दारं नसलेल्या खोल्या. ह्यांनीच सांगितलं होतं. मग जे आत गेलं, ते कुठून गेलं?

“काय करतेस?” मागून काशिनाथने विचारलं. त्याचा आवाज हल्ली कागद चुरगाळल्यासारखा येई.

“अहो, हे सगळं सोडून कुडाळला जाऊ. आजच.”

“आत्ता? मुंबईचं उत्तर यायच्या आत?” तो खुर्चीत बसला, हात लांब करून कांडी मांडीवर घेतली. “मला काही झालेलं नाही, सुनीती. दुखत नाही, खुपत नाही. उलट हलकं वाटतं.” आणि भिंगातून बघत तो हळूच म्हणाला, “आत किती निवांत आहे.”

त्या रात्री सुनीती झोपली नाही. पहाटे तिने ठरवलं: सगळं त्या तेलाने सुरू झालं, तर ते तेल देवघरातून गेलं पाहिजे. नेम मोडला तर पाप लागेल; लागू दे. भगवतीला ती समजावील. भगवती बाईच आहे.

संध्याकाळी उजेड उतरायच्या वेळी तिने तगरीचं फूल घेतलं. दिवा फुंकून घालवत नाहीत, फुलाने शांत करतात. तिने फूल ज्योतीवर धरलं, हळूहळू खाली आणलं. ज्योत वाकली, निळी झाली, वातीला चिकटली.

पडवीत भिंग खाली पडल्याचा आवाज आला.

ती फूल टाकून धावली. काशिनाथ खुर्चीत ताठ बसला होता, डोळे उघडे. छाती हलत नव्हती. तिने त्याच्या नाकापुढे हात धरला. काही नाही. ती देवघराकडे वळली. ज्योत वातीवर सावकाश उभी राहत होती. ज्योत सरळ झाली, आणि मागे काशिनाथने श्वास ओढला.

“झोप लागली वाटतं,” तो म्हणाला.

एकदा पाहिलेलं म्हणजे सिद्ध झालेलं नव्हे, हे तिने पोरांना शेकडो वेळा सांगितलं होतं. पडवीचं दार तिने सताड उघडलं, म्हणजे देवघरातून तो दिसेल. दुसरं फूल घेतलं. ते ज्योतीजवळ नेलं आणि नजर नवऱ्यावर ठेवली.

फूल खाली. छाती थांबली.

फूल वर. छाती हलली.

तिने फूल देवापुढे ठेवलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. दिव्यातलं तेल कुणाचं जळतंय आणि पडवीत कोण आटतंय, हे आता तिला फळ्यावर काढून दाखवता आलं असतं.

त्रिपुरीच्या आदल्या दिवशी काशिनाथ खुर्चीतून उठू शकला नाही. तूप लावलेला भात ओठांतून आत जाईना. परशुराम मालवणहून गाडी आणायला गेला होता. दिवेलागणीला सुनीतीने हीर दिव्यात बुडवला.

ओल खुणेच्या खाली होती. पहिल्यांदाच.

तिच्या डोळ्यांदेखत दिव्यातलं तेल आणखी खाली गेलं.

राधाबाईची बाटली तिने उघडली आणि धार सोडली. उंडीचं तेल दिव्यात पडलं ते वेगळंच राहिलं, तडतडलं, ज्योत आक्रसली. पडवीत काशिनाथच्या घशात घरघर झाली. तिने धार थांबवली.

मग ती वाटी घेऊन पडवीत आली.

खालच्या पेटीत, खाचेत, तेल साचलं होतं. मधाच्या रंगाचं, वाटीभर.

ह्या वेळी त्याला वास होता. ती वाकली, आणि तिला ओळखीची सकाळ आठवली. माका. जास्वंद. वर थोडा कापूर.

शेजारी खुर्चीत तिचा नवरा बसला होता आणि त्याचा वास दगडातून येत होता.

हे नेलं तर तो संपतो. नाही नेलं तर दिवा संपतो, म्हणजेही तोच. आत ज्योत फडफडली.

सुनीतीने पदर खांद्यावरून घेतला, शेजारणीच्या दारात उभं राहावं तशी उभी राहिली. आवाज तिने चढवला नाही. तिला चढवता येतच नसे.

“उसनं मी नेलं होतं,” ती म्हणाली. “ह्यांनी नाही. ह्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं. फेडायचं ते माझ्याकडून घ्यायचं. जास्तीचंही माझ्याकडून. दुसऱ्या कुणाला हात लावायचा नाही.”

बाहेर सुरूच्या झाडांतला वारा थांबला.

टक्.

ती पुन्हा वाकली. माका नव्हता, जास्वंद नव्हती, कापूर नव्हता. तेलाला काही म्हणजे काही वास नव्हता. क्षणभर तिला हायसं वाटलं. मग मनात आलं, आपल्या अंगाचा वास आपल्याला कधी येतो?

तिने वाटी भरली आणि देवघरात गेली.

त्रिपुरीच्या सकाळी काशिनाथने चहा मागितला. मोठ्याने, स्वतःच्या आवाजात. दोन कप प्यायला, वर चार भाकऱ्या खाल्ल्यासारखं पोट थोपटलं आणि म्हणाला, “काय ग, आजारी होतो की काय मी?” कपाळ घामाने चमकत होतं. आदल्या रात्री गाडी घेऊन आलेला परशुराम उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे टकमक बघत होता.

“सायबानू, तुमी माका घाबरवलास हां. गाडयेवालो माका शिव्ये घालता.”

पलीकडून राधाबाई आली, काशिनाथला बघून तिने कानशिलांवर बोटं मोडली. मग तिची नजर सुनीतीकडे वळली आणि हात तसेच राहिले. ती आल्या पावली परत गेली.

दहाच्या सुमाराला पोस्टमन तार घेऊन आला. काशिनाथने ती उभ्यानेच वाचली आणि ओरडला. मुंबईला पाठवलेल्या कांड्यांत कुणी कल्पना केली नव्हती इतकं तेल निघालं होतं. वाटेत पेटीतच ते वाढलं असावं, अशी चेष्टाही तारेत होती. यंत्र परत जाणार नव्हतं. आणखी दोन यंत्रं येणार होती. सड्याच्या कडेने थेट खाडीपर्यंत भोकं पाडायची मंजुरी मिळाली होती.

“दगड देतो, सुनीती! घट्ट दगडसुद्धा देतो!” तो म्हणाला. चष्मा काढून तिच्या हातात दिला आणि तोंड धुवायला विहिरीकडे पळाला, परशुरामला हाका मारत.

सुनीतीने चष्मा उजेडात धरला. उजव्या काचेवर अंगठ्याचा ठसा होता, चांगला भरघोस, रेषान् रेषा दिसणारा. तिला रडू आलं. खांदे हलले. तिने डोळ्यांना हात लावला. डोळे कोरडे होते.

देवघरात दिवा काठोकाठ भरून जळत होता.

तिने पदराने काच पुसली, रोजच्यासारखी, दोन्ही बाजूंनी. विहिरीवर रहाटाचा आवाज येत होता, आणि काशिनाथच्या हसण्याचा. तिने स्वतःचा अंगठा त्या काचेवर ठेवला, जोराने दाबला, आणि काच पुन्हा उजेडात धरली.

काच लख्ख होती.